सगळीकडे, अमर्याद

मोहरी यंदा लवकर फुलली, आणि गेंगला ते कळलं सगळ्यात शेवटी.

दक्षिणेच्या डोंगरात मधमाश्यांच्या पेट्या घेऊन तो आणि त्याची बायको सुयुन थंडी काढत होते. तिथे फोनला धड रेंज नव्हती, आणि होती तेव्हा जुन्या सिममधलं नेट संपलेलं असायचं. बाकीच्या माशीवाल्यांनी व्हिडिओ पाहिले, हवामान पाहिलं आणि ट्रक भरून ते उत्तरेला निघूनही गेले. गेंग हान नदीच्या खोऱ्यात पोचला तेव्हा नदीकाठच्या उंच, कोरड्या जागा सगळ्या गेल्या होत्या. त्याच्या वाट्याला आला बांधामागचा खळगा. पाऊस पडला की चिखल, आणि ऊन आलं तरी सगळ्यात उशिरा. पेट्या उतरवताना सुयुनचे बूट घोट्यापर्यंत रुतले. वर बांधावर म्हातारा शेन आपल्या कोरड्या पेट्यांपाशी उभा राहून चहा पीत होता.

"उशीर केलात," तो म्हणाला. "मी ग्रुपवर फोटो टाकला होता की."

"आम्हाला दिसला नाही," गेंग म्हणाला.

"मग बघायचा!" शेन हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण सुयुनच्या कानात ते दिवसभर राहिलं.

म्हणून मग तंबू ठोकून झाल्यावर दोघं मोटारसायकलवरून तालुक्याला गेली. फिरस्त्याला नेट चैनीसाठी लागत नाही. पुढचं फूल कुठे उमललं, पाऊस कधी, मधाचा व्यापारी कोणत्या गावात आलाय, सगळं फोनच्या काचेतूनच कळतं. आणि सुयुनला आणखी एक कारण होतं. मुलगी मिआओ दूरच्या शहरात नर्सिंग शिकत होती, आणि तिचा चेहरा नववर्षापासून दिसला नव्हता.

फोन कंपनीच्या कचेरीत खिडकीतल्या मुलीने गेंगचं ओळखपत्र पाहिलं आणि तसंच काचेखालून परत सरकवलं.

"हा प्लॅन तुमच्या प्रांतातला आहे. बदलायचा तर तिकडे जाऊन बदला."

"तिकडे जायला दोन दिवस लागतात," सुयुन म्हणाली. "माश्या कुणी सांभाळायच्या? तू येतेस?"

मुलीने पुढच्या माणसाला बोलावलं.

"नवीन घेतलं तर?" सुयुन हलली नाही. "इथलं, महिन्या-महिन्याचं. आम्ही उतरलोय त्या गावात तुमचा मनोरा आहे, बांधावरून दिसतो."

"घेता येईल. पण घ्यायचं ते ठरवून या. मागे रांग आहे."

सुयुन ठरवूनच आली होती. गेंगला मात्र त्या मुलीचा आवाज लागला होता. तो तरातरा बाहेर पडला, आणि शेजारच्याच दुकानात शिरला, जिथे दारात लाल कापडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सगळीकडे, अमर्याद.

दुकानदाराचं नाव लू. तिशीतला, केसांना चमक, बोटात जाड अंगठी. त्याने गेंगला खुर्ची दिली, सिगरेट दिली आणि उस्ताद म्हणाला. तिथेच निम्मा सौदा झाला.

"उस्ताद, तुमच्यासारख्या फिरणाऱ्या माणसासाठीच ही वस्तू काढलीय बघा." त्याने तळहातावर एक पांढरी डबी ठेवली. साबणाच्या वडीएवढी. "सिम नको, खिडकीत उभं राहणं नको. खिशात टाका आणि चला. तिन्ही कंपन्यांपैकी जिची रेंज असेल ती ही आपोआप पकडते. वाळवंटात जा, डोंगरात जा. नेट अमर्याद. वर्षाचे पैसे एकदाच भरले की मोकळे."

"महिन्याचं नाही का?" सुयुनने विचारलं.

"महिन्याचं घेऊन काय करता, मावशी? माश्या काय एक महिनाच पाळणार?"

"आधी आमच्या जागेवर चालवून बघू. चाललं तर पैसे देऊ. डबी घेऊन जातो, उद्या सांगतो."

लू हसला, आणि सुयुनकडे न बघता गेंगकडे बघून हसला. "उस्ताद, घरचा कारभार मावशींकडे दिसतोय."

गेंगच्या मानेवर लाली चढली. सुयुनला ती लाली ओळखीची होती. तिने त्याची बाही ओढली. त्याने हात झटकला, फोन काढला आणि पैसे भरून टाकले.

"तीन कंपन्यांचं एकाच डबीत मिळतंय, आणि तू एक कंपनी धरून बसलीस," परतताना तो वाऱ्यात ओरडून म्हणाला.

"मी त्याला काय विचारलं ते ऐकलंस का?"

"काय?"

"काही नाही. समोर बघ. खड्डा आहे."

पहिले काही दिवस डबी चालली, हेही सांगायला हवं. तंबूच्या खांबाला सुतळीने टांगलेली ती डबी हिरवा डोळा मिचकावत राहायची. सकाळी जेवणाच्या वेळी सुयुन वाफवलेला पाव तिखटाच्या तेलात बुडवत मिआओशी बोलायची. मिआओचा चेहरा स्वच्छ दिसायचा, अगदी कपाळावरचा मुरूमसुद्धा.

"आई, हात दाखव. किती सुजलाय!"

"एक चावली. चावली म्हणजे जिवंत आहेत."

गेंग मागून मान घालायचा. "नेट कसं आहे, ते बोल. तुझ्या आईला पटत नव्हतं."

सुयुन उठून पेट्यांकडे जायची. काम भरपूर होतं. पेटीचं झाकण काढायचं, धूर द्यायचा, चौकट उचलायची, मेणाची टोपणं गरम सुरीने कापायची, चौकटी मध काढायच्या पिंपात घालून हाताने फिरवायच्या. संध्याकाळी पाठ लाकडासारखी होऊन जायची. बोटांची पेरं मधाने आणि डंखांनी एकमेकांना चिकटायची. पण मध येत होता. खळग्यातही येत होता. मोहरीचा वास इतका दाट होता की पाण्यालाही यायचा.

गावच्या समितीच्या निंगबाई एक दिवस स्कूटरवरून आल्या. पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल, घाईत. त्यांनी सुयुनच्या फोनवरचा क्यूआर कोड आपल्या फोनने टिपून तिला गावाच्या ग्रुपवर घेतलं.

"मोहरीला बुरशी लागायला लागलीय. ड्रोनने फवारणी होईल एक दिवस. आदल्या संध्याकाळी ग्रुपवर सांगते. मिळालं म्हणून उत्तर टाकायचं. माश्या बंद ठेवायच्या. मागनं माझ्या नावाने रडायचं नाही."

"फवाऱ्यात माशी मारायचं औषध असतं का?"

"मावा किडीचंही औषध घालतात त्यातच. एकदाच ड्रोन उडवायचा ना."

"मग ग्रुपवर नको टाकू फक्त. फोन कर."

"ताई, तीनशे घरं आहेत," निंगबाई म्हणाल्या आणि स्कूटर वळवली.

त्याच आठवड्यात मिआओचा चेहरा बोलता-बोलता गोठला. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. मग चौकोन चौकोन झाले. मग नुसतं चक्र फिरायला लागलं. गेंगने डबी काढून पुन्हा टांगली. उन्हात ठेवली. बांधावर नेली. हिरवा डोळा मिचकावत होता, चक्र फिरत होतं.

सुयुनने बांधावर उभं राहून डबीमागच्या नंबरवर फोन लावला. साधा फोन तेवढा तिथून लागायचा. बाजा वाजला, मग एक मुलगी गोड आवाजात बोलली.

"आदरणीय ग्राहक, तुमच्या वेगवान नेटचा या महिन्याचा वाटा संपला आहे. आता मंद वेगाने अमर्याद सेवा सुरू आहे."

"अमर्याद म्हणजे काय मग?"

"मंद वेगाने अमर्याद, आदरणीय ग्राहक."

"इथे एक ओळसुद्धा येत नाही. ह्याला वेग म्हणतात?"

"तुमच्या भागात दुसऱ्या कंपनीची रेंज चांगली असू शकते. डबीतून ती निवडता येईल. त्यासाठी ज्यांच्या नावावर डबी आहे त्यांनी चेहरा दाखवून व्हिडिओ पडताळणी करावी."

"व्हिडिओ?"

"हो."

"नेट नाही म्हणून फोन केलाय बाई मी! व्हिडिओ कुठून दाखवू?"

"वेगवान नेटचा जादा वाटा विकत घेतल्यास लगेच..."

सुयुनने फोन बंद केला. खाली खळग्यात गेंग चौकट हातात धरून वर बघत होता. "काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"तुला आदरणीय म्हणाले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जायचं ठरलं. पण दुसऱ्या दिवशी पाऊस लागला, पेट्यांखाली पाणी शिरलं, आणि दोघं गुडघाभर चिखलात विटा सरकवत राहिली. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. ऊन पडलं की माश्या सुटतात आणि माशीवाला जागा सोडत नाही. गेंग म्हणाला, "मध काढून घेऊ, मग जाऊ." सुयुनलाही ते पटलं. त्या पटण्याचा तिला पुढे फार राग आला.

चौथ्या दिवशी सकाळी आवाज आला. सुयुनला आधी वाटलं, कुठल्यातरी पेटीतून थवा निघाला. पण हा आवाज एकसुरी होता, आणि वरून येत होता. तिने मान वर केली. नदीपलीकडून दोन ड्रोन मोहरीवरून सरळ रेषेत येत होते, आणि त्यांच्या पोटाखाली पांढरं धुकं लोंबत होतं. खाली फुलांवर तिच्या माश्या होत्या. झाडून सगळ्या.

ती धावली. बांधावर चढून हात हलवले, डोक्याचा रुमाल काढून हलवला, ओरडली. ड्रोन चालवणारा पोरगेला माणूस दूर रस्त्यावर, कानात काहीतरी घालून, हातातल्या पडद्याकडे बघत उभा होता. ती त्याच्यापर्यंत पोचली तोवर शेत संपलं होतं.

"बंद कर! माझ्या माश्या आहेत!"

त्याने कानातलं काढलं. "काल सांगितलं ना सगळ्यांना?" तो खरंच चकित झाला होता. "वरचे आजोबा बघा, त्यांनी बंद केल्यात."

सुयुनने बांधाकडे पाहिलं. शेनच्या पेट्यांच्या दारांवर जाळ्या ठोकलेल्या होत्या. वर ओली पोती पसरलेली होती. शेन तिच्याकडे बघत होता, आणि या वेळी हसत नव्हता.

"मला वाटलं तुम्हीही केल्या असतील," तो म्हणाला. "तुमच्या पेट्यांची दारं वरून दिसत नाहीत गं."

ती खळग्यात परत आली तेव्हा माश्या परतायला लागल्या होत्या. येत होत्या त्या नीट उतरत नव्हत्या. दाराच्या फळीवर आपटायच्या, उताण्या पडायच्या, जागच्या जागी गरगरायच्या. जिभा बाहेर आलेल्या. पायांना पिवळा पराग तसाच चिकटलेला. आतल्या माश्या त्यांना ओढून बाहेर टाकत होत्या, आणि टाकता टाकता त्याही पडत होत्या. गेंग गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी दारं बंद करत होता. एक बंद करून दुसऱ्याकडे जायचा, मग परत पहिल्याकडे यायचा. दुपारपर्यंत पेट्यांसमोर तपकिरी थर साचला. पायाखाली तो करकरत नव्हता, मऊ लागत होता. त्यातून आवाज येत होता, बारीक, विझत चाललेला.

सुयुन पाणी आणायला बांधावर गेली तेव्हा अडकलेलं नेट क्षणभर सुटलं आणि खिशातला फोन टिंग करून वाजला. निंगबाईंचा संदेश होता, काल संध्याकाळचा: उद्या सकाळी फवारणी, माशीवाल्यांनी पेट्या बंद ठेवाव्यात, मिळालं म्हणून कळवा. त्याखाली लोकांची उत्तरं होती. मिळालं. मिळालं. मिळालं.

तिने बादली खाली ठेवली. उत्तरं शेवटपर्यंत वाचली.

निंगबाई संध्याकाळी आल्या. पेट्या बघून त्यांनी रुमालाने तोंड झाकलं. पण बोलल्या त्या आधी ठरवलेलंच बोलल्या. "मी कळवलं होतं. ग्रुपवर आहे. सगळ्यांना दिसतंय."

"मी उत्तर दिलं नाही. मग तुला कळलं नाही का, की मला मिळालं नाही?"

"उत्तर न देणारे खूप असतात."

"त्यांच्या घरी जीव मरत नाहीत."

निंगबाईंनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "ताई, खोटं नाही बोलत. माझ्या डोक्यातून गेलं. तुम्ही आमच्या गावच्या नाही ना." आणि बोलून बसल्यावर स्वतःच दचकल्या.

गेंगने सुतळी तोडली आणि डबी दगडावर ठेवून हातोडा घेतला. सुयुनने त्याचं मनगट धरलं.

"फोडू नको. नावावर तुझ्या आहे ती."

"सुयुन..."

"बोलू नको. उद्या चल."

सकाळी तिने माश्या फावड्याने भरल्या. साखरेचं एक रिकामं पोतं गच्च भरलं. मेलेली माशी वजनाला काही नसते. पण ते पोतं मोटारसायकलवर मांडीवर घेऊन तिने वाटभर दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

लूच्या दुकानात एक तरुण जोडपं बसलं होतं. पुरुषाच्या हातात तशीच पांढरी डबी होती. लू म्हणत होता, "वाळवंटात जा, डोंगरात जा..."

सुयुनने पोतं काचेच्या टेबलावर उपडं केलं.

माश्या फोनांच्या डब्यांवर, बिलांच्या मशीनवर, लूच्या मांडीवर सांडल्या. औषधाचा आणि कुजत्या मधाचा वास सुटला. तरुण बाई किंचाळून उठली.

"वेडी झालीस का म्हातारे?" लू उठून कपडे झटकायला लागला.

"परवा मावशी होते मी," सुयुन म्हणाली. "मोज. अमर्याद आहेत. मोजून संपायच्या नाहीत."

"हे काय आहे? पोलिस बोलावतो मी!"

"बोलाव. त्यांच्यासमोर सांग, अमर्याद म्हणजे काय. मला तुझ्या त्या पोरीने सांगितलंय, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. मी तुला म्हटलं होतं, आमच्या जागेवर चालवून बघू. काय म्हणालास?"

"मावशी, अटी त्यात लिहिलेल्या असतात. तुम्ही वाचल्या नाहीत..."

"काय म्हणालास?"

लू कपडे झटकत राहिला. त्याला आठवत नव्हतं. सुयुनला तेच सगळ्यात लागलं. घरचा कारभार मावशींकडे दिसतोय, हे वाक्य ती रोज चौकट उचलताना चावत होती, आणि ह्याला आठवतही नव्हतं.

तरुण पुरुषाने हातातली डबी हळूच काचेवर ठेवली. "आम्ही ट्रकवर असतो," तो कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखा म्हणाला. "आम्हालाही हेच सांगत होता." बायकोला घेऊन तो निघून गेला.

मग लूचा सूर बदलला. त्याने मागे जाऊन फोनवर कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलून घेतलं आणि एक कागद आणला. पैसे परत देतो, सगळे. फक्त इथे सही करा की कंपनीबद्दल काही तक्रार नाही, कुठे बोलणार नाही, व्हिडिओ टाकणार नाही. सही ज्यांच्या नावावर आहे त्यांची.

गेंगने पेन घेतलं. उरलेल्या पेट्या उत्तरेला न्यायच्या तर ट्रक लागणार होता. आणि घरात पुरुषाला जे जे शरमेने मिटवून टाकावंसं वाटतं, ते सगळं त्या कागदावर मिटत होतं.

"कर," सुयुन म्हणाली. "नाव तुझं आहे. पण मग ह्या कशाने मेल्या म्हणून सांगशील? आपोआप मेल्या म्हणून?"

पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. गेंग लिहीनाही आणि पेन उचलीनाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने त्याला लोकांसमोर असं पाहिलं नव्हतं. तिला दया आली, आणि राग तरीही कमी झाला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात हे तिला तेव्हा कळलं.

"मी तिला विचारायला हवं होतं," गेंग लूला म्हणाला. ह्या माणसाला ते सांगायचं काही कारण नव्हतं. त्याने पेन ठेवलं, आणि हाताने माश्या गोळा करून पुन्हा पोत्यात भरायला लागला. एकही ठेवायची नाही असं त्याने ठरवलेलं दिसलं. लूने केरसुणी पुढे केली, ती त्याने घेतली नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. तक्रार सुयुनने सरकारी नंबरवर नोंदवली, तिचं पुढे काय झालं ते कुणी कळवलं नाही. निम्म्याहून अधिक पेट्या रिकाम्या झाल्या. शेनने दोन राणीमाश्या आणि माश्यांनी भरलेल्या काही चौकटी आणून दिल्या, आणि किंमत विचारली तेव्हा नको म्हणून हात हलवला.

मे महिन्यात पांढरी बाभूळ फुलली तशी ती दोघं उत्तरेच्या पिवळ्या मातीच्या डोंगरात गेली. ट्रक गावात थांबला. गेंग दोर सोडायला चढला तेव्हा सुयुन म्हणाली, "थांब."

"ऊन चढतंय. माश्या गुदमरतील."

"थांब म्हटलं ना."

तिने गावातल्या किराणावालीचा फोन मागून घेतला. एका कंपनीचा तो, आणि दुसऱ्या कंपनीचा ट्रक ड्रायव्हरचा. दोन हातांत दोन फोन धरून ती दरीतल्या उतारावर चढली, जिथे बाभूळ दुधासारखी फुलली होती. तिथे दोन्ही फोन मेले. मग पश्चिमेच्या उतारावर चढली. तिथे फुलं विरळ, पण किराणावालीच्या फोनवर गाणं अखंड वाजत राहिलं. घामाने भिजून ती खाली आली.

"पश्चिमेला," तिने सांगितलं.

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, फुलं तर दरीत आहेत."

"आंधळी नाही मी."

गेंगने ड्रायव्हरला हाताने गप्प केलं, आणि ट्रक पश्चिमेच्या उताराकडे घ्यायला सांगितला.

पेट्या उतरवून, दारं उघडून दिल्यावर सुयुन किराणावालीच्या मागे मागे गावातल्या छोट्या फोनच्या खोलीत गेली. सिम महिन्याचं घेतलं. किती नेट, संपल्यावर काय, सोडायचं तर कुठे सोडायचं, तिने तीन तीनदा विचारलं. तिथली पोरगी कंटाळली. "नाव?" पोरीने विचारलं. गेंगचा हात सवयीने खिशाकडे गेला. सुयुनने आपलं ओळखपत्र आधीच काचेवर ठेवलं होतं.

किराणावालीने तिला गावाच्या ग्रुपवर घेतलं. लोक नमस्काराची चित्रं टाकायला लागले. सुयुनने बटण दाबून धरलं आणि फोन तोंडाशी नेला.

"मी माशीवाली. पश्चिमेच्या उतारावर आहे. ज्याला फवारायचं असेल त्याने इथे लिहून मोकळं व्हायचं नाही. मला फोन करायचा, आणि मी उचलला नाही तर चालत यायचं. तुमच्या गावची नाही म्हणून विसरायचं नाही. विसरलात तर मेलेल्या माश्या पोत्यात भरून मी दारात आणून ओतेन, आणि घर कुणाचं ते विचारणार नाही!"

"अगं, पहिल्याच दिवशी..." गेंग म्हणाला. "अजून कुणी काही केलंही नाही."

"करायच्या आधीच सांगायचं असतं."

बोट उचललं. संदेश गेला. बाहेर कुणाचा तरी बकरा ओरडत होता. किराणावाली हसू दाबत तिच्याकडे बघत होती. मग एका म्हाताऱ्याचा आवाज आला, दात नसलेला, मागे कोंबड्यांचा कलकलाट.

"बाई, माझं घर खालच्या वळणावर. सफरचंदाला परवा औषध मारायचंय. उद्या येतो सांगायला, चालत. इतकी ओरडू नकोस. ऐकू आलं."

सुयुनने ते पुन्हा एकदा ऐकलं. मग फोन आतल्या खिशात घातला, आणि उतार चढायला लागली. गेंग मागून पाण्याचे डबे घेऊन येत होता. अर्ध्या वाटेत तिने मागे न बघता हात मागे केला, आणि त्याने एक डबा तिच्याकडे दिला.